डोळ्यातलं कुंकू

मी ड्रोन. आता उडत नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे.

सोलापूरच्या वाहतूक शाखेत जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्याचं दार हातानं लागत नाही, लाथ मारावी लागते, आणि दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी ती मारतंच. खालच्या कप्प्यांत फाटके रेनकोट आणि चेपलेले लाल शंकू कोंबलेत. वरच्या कप्प्यात मी, पाय मुडपून पडलेला. बॅटरी काढून घेतली आहे, दाराच्या दणक्यांनी दोन पाती मोडली आहेत. याच लोकांनी मला झेंडूचे हार घातले होते. आता रेनकोट काढायला कपाट उघडतात, माझ्याकडे नजर गेली की पटकन दार लावून घेतात. त्याला कारण आहे, आणि तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म पुण्याबाहेरच्या एका कारखान्यातला. जन्म कसला, जुळणी. एका बाईनं पाती बसवली, दुसरीनं तारा जोडल्या, तिसऱ्या माणसानं मला कानाशी धरून हलवलं आणि आत काही खुळखुळत नाही याची खात्री करून खोक्यात घातलं. यातली आई कोण म्हणायची, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. माझी काही भावंडं शेतावर औषध फवारायला गेली, काही लग्नांत नवरा-नवरीच्या डोक्यावर घिरट्या घालायला. लग्नवाली मजेत असणार. निदान त्यांच्याकडे बघून लोक हसतात तरी.

मी सोलापूरला आलो तो उन्हाळ्यात. शाखेच्या आवारात मांडव होता, खुर्च्यांना पांढरे झगे होते आणि त्या खुर्च्यांतली माणसं घामानं भिजून चिंब झाली होती. नारळ फुटला, त्याचं पाणी माझ्या अंगावर उडालं. साहेबांनी भाषण केलं की आता सोलापूरच्या रस्त्यांवर आभाळातून नजर राहणार. मग त्यांनी रिमोट हातात धरून फोटो काढून घेतला. रिमोट उलटा धरला होता. तो तसाच पेपरात छापून आला.

मला खरोखर उडवणारी मात्र मागं खांबापाशी, टोपी सावरत उभी होती. तिचं नाव शिवलीला. होटगीची पोरगी, वाहतूक शाखेत शिपाई. ड्रोन शिकायला कोण जाणार असं विचारलं तेव्हा शाखेतले बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, कारण एवढं महागाचं यंत्र पडलं तर कुणाच्या गळ्यात येईल ही धास्ती. शिवलीलानं हात वर केला. सगळ्यांना वाटलं, पोरगी हौशी दिसते. तिची हौस काय होती ते मला पुढे कळलं.

तिच्या जोडीला कुंडलिक हवालदार. मोहोळ तालुक्यातल्या खेड्यातला माणूस, अर्धं आयुष्य चौकात शिट्टी फुंकण्यात गेलेलं, आवाज कायमचा बसलेला. मी वर असताना त्यानं मोटरसायकल घेऊन खाली थांबायचं आणि शिवलीला सांगेल तिकडं जायचं, अशी वाटणी होती. त्याला ती मुळीच पसंत नव्हती.

"हे आभाळात जाऊन नुसतं बघनार," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "आनि खाली पळायचं कुनी? म्याच की."

"तुमीच काका. दुसऱ्या कुणाचा भरवसा धरू?" शिवलीला म्हणाली. एवढ्यावर म्हातारा विरघळला. मायेचा भुकेला माणूस, त्याला जिंकायला फार लागायचं नाही.

सुरुवातीला मला रोज नवी पेठेवर उडवायचे. आभाळातून माणूस कसा दिसतो, ते सांगतो. तोंड दिसत नाही. भांग दिसतो, टक्कल दिसतं, डोक्यावरचा पदर आणि छत्री दिसते. हाताच्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट माझी घरघर ऐकू आली की डोक्यावर चढतं आणि मी पुढे सरकलो की परत कोपरात उतरतं. कापडाच्या दुकानापुढं मोटार आडवी लावून आत गेलेला माणूस, मी वर घुटमळलो की, साडीचा पदर हातात तसाच धरून धावत बाहेर येतो. साऱ्या गावाला नियम पाठ होते. पण ते पाळायला कुणीतरी वरून बघतंय असं वाटावं लागत होतं. मला ह्याचं आधी हसू यायचं. पुढे पुढे वाईट वाटायला लागलं, कारण मी काही कायम वर राहू शकत नव्हतो. बॅटरी संपली की मला खाली यावंच लागायचं.

होटगी रस्त्याला विमानतळ आहे, तिकडं आम्हाला फिरकायची बंदी. त्यामुळे शिवलीलाचं घर मी कधी पाहिलं नाही. घरात ती आणि आई अक्कम्मा, एवढ्याच दोघी. अक्कम्माचा फोन रोज संध्याकाळी यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढंच. आईशी ती कानडीत बोलायची आणि बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

पूर्वी त्या घरात तिघं होती. शिवलीलाचा धाकटा भाऊ विरेश मोहोळला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायच्या दुकानात कामाला होता. दर शनिवारी मोटरसायकलवरून घरी यायचा. एका शनिवारी तो आला नाही. ते कसं झालं, हे शिवलीलानं कुंडलिकाला लिंबाच्या झाडाखाली बॅटरी गार होईपर्यंत सांगितलं, आणि मी तिच्या मांडीवर होतो म्हणून मला कळलं.

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडं काय करतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. ड्रायव्हर खाली उतरतो, शेताच्या बांधावरून मोठाले दगड वाहून आणतो आणि गाडीच्या मागं हातभर अंतरानं मांडतो. त्यात एखादी बाभळीची फांदी रोवतो. मागून येणाऱ्यानं लांबूनच ओळखावं की पुढं गाडी उभी आहे. कुणी शिकवलेलं नसतं, तरी प्रत्येक ड्रायव्हर हे अगदी मन लावून करतो. मग गाडी दुरुस्त होते. ड्रायव्हर हात पुसतो, वर चढतो आणि निघून जातो. दगड तिथंच राहतात. आता त्यांच्या पुढं गाडी नसते, फांदी वाऱ्यानं आडवी झालेली असते आणि दिवस मावळलेला असतो.

विरेश अशाच एका दगडाला धडकून गेला.

"त्या गाडीवाल्याचा तपास न्हाय लागला?" कुंडलिकानं विचारलं.

"लागून काय करायचं, काका. त्याला माहीत बी नसेल. त्यानं चांगल्यासाठीच दगड लावले होते की."

 कुंडलिकानं आपला डबा उघडून तिच्यापुढं सरकवला आणि ती नको म्हणाली तरी अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

तर ही तिची हौस. तिनं साहेबांना सांगितलं होतं, दिवसभर तुम्ही म्हणाल तिथं उडवते, पण उसाच्या हंगामात संध्याकाळचं एक उड्डाण मला मोहोळच्या रस्त्याला द्या. बाळे गावाच्या पुढं, शहर संपतं तिथं. त्या दिवसांत तो रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही. त्यांचं सारखं काहीतरी मोडतं, आणि जिथं मोडतं तिथं दगड लागतात. साहेब भला माणूस होता. त्यानं परवानगी दिली.

पहिला हंगाम आमचा चांगला गेला. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच. सूर्य कलला की शिवलीला मला वर सोडायची. मी रस्त्यावरून जायचो आणि ती पडद्यावर डोळा लावून बसायची. मोठ्या गाड्यांकडे तिचं लक्ष नसायचं. ती रिकामा रस्ता बघायची. रिकाम्या रस्त्यावर काळा ठिपका दिसला की वायरलेस उचलायची.

"काका, ढाब्याच्या पुढं, डाव्या हाताला. तीन-चार आहेत."

मग खाली कुंडलिकाची मोटरसायकल फटफटत यायची. म्हातारा दगड उचलून चारीत फेकायचा, ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मग वर माझ्याकडं बघून हात हलवायचा. साऱ्या सोलापुरात माझ्याकडं बघून आपण होऊन हात हलवणारा तो एकटाच. त्या हंगामात त्या पट्ट्यात दगडाला धडकून कुणी गेलं नाही. शिवलीला फोनवर आईला सांगायची की अव्वा, तिथं मी आता कुणाला लागू देत नाही. पलीकडून अक्कम्मा परत जेवणाचंच विचारायची.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर दसरा आला.

खंडेनवमीला पोलिसांत शस्त्रांची पूजा असते. बंदुका, काठ्या, गाड्या, वायरलेस, सगळं धुऊनपुसून मांडतात. त्या वर्षी पहिल्यांदाच मला मानाची जागा होती, मधोमध, लाल कापडावर. शिवलीला घरच्या पूजेसाठी रजा घेऊन होटगीला गेली होती. ताट घेऊन आला तो कुंडलिक. अंघोळ केलेला, नवी गांधी टोपी, बोटं निरांजनाच्या तेलानं माखलेली. त्यानं बंदुकांना कुंकू लावलं, गाड्यांना लावलं आणि माझ्यापुढं येऊन तो अडला.

"ह्याचं कपाळ कुटं म्हनायचं?" त्यानं विचारलं.

बाकीचे हसले. कुणी म्हणालं पोटाला लावा, कुणी म्हणालं पंखाला लावा. कुंडलिकाला ते काही पटेना. ज्याच्याशी रोज संध्याकाळी काम करतो त्याच्या पोटाला कुंकू कसं लावायचं? त्यानं मला हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. पुढच्या बाजूला त्याला एक गोल काच दिसली. हेच कपाळ, असं त्यानं ठरवलं. आधी हळद लावली, त्यावर अनामिकेनं ठसठशीत कुंकू ओढलं, वर चार अक्षता चिकटवल्या. मग डोळे मिटून हात जोडले. काय पुटपुटला ते फक्त मला ऐकू आलं. "पोरीला संबाळ," म्हणाला.

तो माझा डोळा होता. आणि तरीही, खरं सांगतो, एवढ्या प्रेमानं मला कुणी कधी हातात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवलीला आली आणि तिनं मला उचलून उजेडाला धरलं. कुंकू रात्रभरात वाळून काचेला घट्ट चिकटलं होतं. काच पुसायचं मऊ फडकं कुणीतरी चष्मे पुसायला नेलं होतं. तिनं रुमालाच्या टोकानं पुसलं, तर हळदीतली कचकच काचेवर घासली गेली आणि तेल आणखी पसरलं.

"काका, तुमी ह्याच्या डोळ्यात कुंकू घातलंय की."

कुंडलिकाचं तोंड उतरलं. "आगं, मला वाटलं कपाळ हाय."

पुण्याच्या कंपनीला फोन झाला. ते म्हणाले, काच बदलावी लागेल, यंत्र इकडं पाठवा, संक्रांतीपर्यंत परत मिळेल. म्हणजे उसाचा निम्मा हंगाम गेला. शिवलीलानं मला वर सोडून पाहिलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तांबूस धुकं होतं, बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं.

"तेवढ्यासाठी नाही पाठवायचं," ती म्हणाली. "तोवर रस्त्याकडं कोण बघणार? कोपऱ्यातच आहे. मी ह्याला असा वळवून धरीन, धुकं शेतावर पडेल आणि रस्ता मोकळा राहील."

"व्हय, शेतात काय बघायचंय आपल्याला," कुंडलिक म्हणाला. त्याचं ओझं उतरलं होतं.

ती आळशी नव्हती की बेफिकीर नव्हती. अर्धा डोळा बंद असलेला पहारेकरी, पहारेकरी नसण्यापेक्षा बरा, एवढाच तिचा हिशेब होता. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. आणि पुष्कळ दिवस तसं चाललंही. ती मला नेमका वळवून धरायची आणि धुकं ज्वारीच्या रानावर पडायचं.

नोव्हेंबर संपत आलेली ती संध्याकाळ. आभाळ निरभ्र होतं आणि मावळता सूर्य थेट माझ्या डोळ्यावर आला. पडदा पांढरा पडला, काहीच दिसेना. शिवलीलानं मला सूर्याकडं पाठ करून उभं केलं. लगेच सगळं दिसायला लागलं. पण मी फिरलो तसं धुकंही फिरलं आणि ज्वारीवरून उठून रस्त्यावर येऊन बसलं. हे तिच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या सवयीनं तिला वाटलं, तांबडं आहे तिकडं शेत आहे.

त्याआधीच तिनं एक ट्रॅक्टर पाहिला होता. मागच्या ट्रॉलीचं चाक फुटलेलं, माणसं खाली वाकलेली. तिनं बाळ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या कुंडलिकाला कळवलं आणि तो शंकू घेऊन निघाला. पण ट्रॅक्टरवाले त्या दिवशी भलतेच चलाख निघाले. स्टेपनी जवळ होती, चाक बदललं आणि कुंडलिक अर्ध्या वाटेवर असतानाच ट्रॅक्टर धुक्यातून बाहेर पडून मोकळ्या रस्त्याला लागला. बाहेर पडताना तिनं पाहिला नाही, पुढं जाताना पाहिला.

"काका, गेला ट्रॅक्टर. रस्ता मोकळा आहे, माघारी या. नाक्यावर गर्दी झालीय."

"दगडं हायती का बघ की," कुंडलिक वायरलेसवर म्हणाला.

तिनं पडद्यावर नीट पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं, मी साक्षीला आहे.

"दिसत नाहीत, काका."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं मोटरसायकल वळवली.

अंधारून येत होतं. शहराकडून एक मोटरसायकल आली. पांढरा सदरा, मागं बांधलेली पिशवी. बेताच्या वेगानं, आपल्या कडेनं, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी चाललेली. ती धुक्यात शिरली. बाहेर आली नाही. पण तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची घंटी वाजली आणि मी वळलो. बॅटरी संपत आली की मी आपोआप घराकडं वळतो, तसंच मला बनवलंय. शिवलीला मान वर करून मला आभाळात शोधत होती, पडद्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ओरडून सांगायला मला भोंगा नाही. भोंगेवाला घेऊ म्हणाले होते, पुढच्या खेपेला.

फोन आला तेव्हा ती मला पेटीत ठेवत होती.

कुंडलिक आधी पोचला. शिवलीला आली तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती आणि तो एकेक दगड उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवत होता. त्या दिवशी त्यानं ते फेकले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. शेवटचा दगड ठेवून त्याच्याशेजारीच तो खाली बसला. शिवलीला त्या दगडांपुढं येऊन उभी राहिली. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. ऊटा आतेन? शिवलीला हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाखेत माझं चित्रण लावून बघितलं. कुंडलिकानं साहेबांपुढं उभं राहून कुंकवाचं सगळं सांगितलं. "माजा काय त्यो निकाल लावा, पोरीचं नाव घेऊ नका," तो म्हणाला. शिवलीला म्हणाली, रस्ता मोकळा आहे असं मी सांगितलं, काकांनी तर विचारलं होतं. साहेबांनी डोकं धरलं.

"कुंकवाचं कुणापुढं बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "लोक हसतील आपल्याला. यंत्रातला तांत्रिक बिघाड, एवढंच जाऊ द्या."

म्हणजे दोष सगळा माझ्यावर आला. मला त्याचं काही नाही, यंत्राला कसली अब्रू. पण ह्या दोघांना शिक्षा झाली असती तर ती सोसून दोघं मोकळी तरी झाली असती. तीही सोय राहिली नाही. शिवलीलानं मला पेटीतून काढून कपाटात ठेवलं आणि साहेबांकडून चौकातली ड्युटी मागून घेतली.

पुढं काही दिवसांनी सोनाबाई आली. त्या मोटरसायकलवाल्याची बायको. त्याचं नाव बिभीषण. नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला होता, गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की परत घड्या घालायच्या. संध्याकाळी मोहोळच्या अलीकडच्या आपल्या गावी जायचा. सोनाबाईबरोबर तिचा दीर होता. साहेब बाहेर गेले होते. शिवलीला हजेरीला आलेली होती आणि कुंडलिक दारापाशी उभा होता.

"तुमच्या त्या इमानात आमच्या मालकांचं चित्र हाय म्हनं," सोनाबाई म्हणाली. "त्ये बगायचंय."

"कशाला वहिनी," दीर म्हणाला.

"सकाळी म्या चुलीपुढं व्हते. जातो म्हनले, म्या मान वर करून बी बगितलं न्हाय. आता बगते."

शिवलीलाला नाही म्हणवेना. तिनं मला कपाटातून काढलं, माझ्या पोटातलं चित्रणाचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि सोनाबाईला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, पडद्याजवळ उभी राहिली. रस्ता दिसला. मग तो पांढरा ठिपका आला.

"ह्येच," सोनाबाई लगेच म्हणाली. कुणी दाखवावं लागलं नाही. "पिशवीत मेथी असंल. आनायला सांगितली व्हती म्या."

ठिपका पुढं सरकत गेला आणि धुक्यात शिरला.

"हे तांबडं काय हाय?"

 दीर शिवलीलाकडं बघायला लागला. कुंडलिक दारातून आत आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"कुंकू हाय, बाई," तो म्हणाला. "खंडेनवमीला म्या लावलं. मला वाटलं, कपाळ हाय."

"आणि रस्ता मोकळा आहे म्हणून मी सांगितलं," शिवलीला म्हणाली.

सोनाबाईनं दोघांकडंही बघितलं नाही. तिनं पदर कपाळावर पुढं ओढून घेतला. ती रडेल, शिव्या देईल, मला उचलून भिंतीवर आपटेल, असं मला वाटलं. मी वाटच बघत होतो म्हणा ना.

"परत लावा," ती म्हणाली.

शिवलीलानं परत लावलं. रस्ता, ठिपका, पांढरा सदरा. धुकं यायच्या जरा आधी सोनाबाईनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं थांबवा."

चित्र थांबलं. मोटरसायकल आपल्या कडेनं, पुढं मोकळा डांबरी रस्ता.

"हितं चाललेत की अजून," सोनाबाई म्हणाली.

ती तशी किती वेळ बघत होती कोण जाणे. शेवटी दिरानं गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. निघताना ती शिवलीलाला म्हणाली, "हे पुसू नका. म्या येईन परत बगायला." शिवलीलानं कार्ड पुन्हा माझ्या पोटात बसवलं, म्हणजे ते कुठं जाणार नाही.

सोनाबाई आली होती. संक्रांत होऊन गेल्यावर. कुंडलिक निवृत्त झाला होता, शिवलीला कुठल्याशा चौकात शिट्टी फुंकत उभी होती आणि साहेबांची बदली झाली होती. टेबलावर नवीन माणूस. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. कसलं चित्रण, तसं काही इथं नसतं बाई, असं तो म्हणाला आणि त्यात त्याचाही काही दोष नाही. सोनाबाई जिन्याखाली थोडा वेळ उभी राहिली. माझ्या कपाटाला तिचा खांदा टेकला होता. मग ती गेली.

आता नवा ड्रोन येणार म्हणतात. त्याला भोंगा आहे, तो अंधारातही बघतो. त्याला माझ्या शुभेच्छा. मला भंगारात काढायचं ठरलंय. एखाद्या दिवशी कुणीतरी कपाट उघडेल, मला बाहेर काढेल आणि नियमाप्रमाणे आधी कार्ड पुसेल.

रस्त्यावरच्या माणसांनो, तुम्ही दगड लावता ते चांगल्यासाठीच लावता. गाडी सुरू झाली की एकदा खाली उतरा आणि ते उचला. वरून बघणाऱ्यावर विसंबू नका, आमच्या डोळ्याचा काही भरवसा नाही. तुमच्याकडं एवढंच मागणं.

आणि कार्ड पुसायला जो कुणी येईल, त्याच्याकडं आणखी एक. बाबा, पुसायच्या आधी सोनाबाईला निरोप दे. तिचं गाव शिवलीलाला विचार, ती सांगेल. बाकी सगळं चित्रण पुसून टाक, हरकत नाही. पण त्यात एक पांढऱ्या सदऱ्याचा माणूस आहे. तो अजून घरी निघालेला आहे.